पडलेल्या माणसाचं नाव

वरदनगरात माणूस रस्त्यावर पडला, की त्याच्या बायकोच्या आधी महापालिकेला कळायचं. यात बढाई काही नाही, खरंच तसं होतं. पदपथांवर, पुलांवर, बागेतल्या वाटांवर सगळीकडे त्या नव्या लाद्या बसवल्या होत्या. लादीच्या पोटात स्फटिकाचे पातळ थर. पाऊल पडलं, थर दबला, की चिमूटभर वीज तयार होणार. एका पावलाची वीज ती केवढी! पण अख्खं शहर दिवसभर पावलं टाकत असतं, आणि तेवढ्यावर रस्त्यावरचे दिवे लागायला लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवाव्यात अशीच गोष्ट होती.

पुढचं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पाऊल दाबतं तेव्हा वीज एका ठोक्यात येत नाही. आधी टाच टेकते, मग भार पुढे सरकतो, शेवटी अंगठा उचलतो, आणि तेवढ्या वेळात विजेची एक रेघ वर चढून खाली उतरते. ही रेघ दर माणसाची वेगळी. आणि एकाच माणसाची रेघ हळूहळू बदलायला लागली, तर समजावं की त्याच्या आत काहीतरी बिघडतंय. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्याला साधा मार लागला तरी कधीकधी कवटीच्या आतली एखादी बारीक शीर फुटते. रक्त थेंबाथेंबाने कित्येक आठवडे साठत राहतं. माणूस खातो-पितो, हसतो, भांडतो, आणि इकडे मेंदूवर दाब वाढत असतो. त्यात पहिल्यांदा बिघडते ती चाल, आणि तीही इतकी थोडी, की घरच्यांना दिसत नाही. लादीला दिसते. वेळेत कळलं तर कवटीला लहानसं भोक पाडून रक्त काढून घेतात, आणि माणूस चालत घरी जातो.

आता लादीला पाऊल कळलं तरी माणूस कसा कळणार? तर पट्टी. ज्येष्ठ नागरिकांनी रोज ठरलेली पावलं चालली, की घरपट्टीत सवलत मिळायची. घोट्याला पालिकेची रबरी पट्टी बांधायची आणि चालायचं. कोण चाललं ते पट्टी सांगणार, कसं चाललं ते लादी.

शलाका बोंद्रे बसायची ती या सगळ्याच्या शेवटच्या टोकाला, पालिकेच्या दावा कक्षात. पालिकेच्या खड्ड्यात, पुलावर, खचलेल्या लादीवर पडून इजा झाली, तर नुकसानभरपाई मागायची रीत अशी होती: पडल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत दावा खिडकीवर इजा-सूचना द्यायची. ती स्वतः पडलेल्या माणसानेच द्यायची. जागा, वेळ आणि इजा कसली, हे तिन्ही त्यात हवं. मागाहून डॉक्टरचा दाखला जोडायचा. मुदत टळली, की साक्षात ब्रह्मदेव आला तरी सूचना घ्यायची नाही. वाचायला कसं अगदी रास्त वाटतं.

पहिल्या वर्षी पालिकेने लोकांना कळवलंसुद्धा. "आपल्या चालीत बदल दिसतो, कृपया डॉक्टरांना दाखवा." माणसं गेली, बरी झाली, आणि बरी होऊन थेट दावा खिडकीवर आली. इजा आमच्याच लादीवर झाली हे पालिकेनेच लेखी कळवलेलं, मग नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? वकिलांनी डोकं खाजवलं आणि एक ओळीचं परिपत्रक निघालं: मागणी केल्याशिवाय चालीची माहिती कोणालाही देऊ नये. झालं! ज्या माणसाला आपल्याला काही झालंय हेच माहीत नाही, तो माहिती मागणार कशी? आणि त्याला कळेल तोवर मुदत संपलेली. इजा पालिकेला माहीत आणि ज्याची त्यालाच पत्ता नाही, असा कारभार तीन वर्षं बिनबोभाट चालला होता.

शलाकाचं काम होतं फाईल बंद करण्याचं. पडल्याची नोंद झाली आणि लाद्यांच्या रेघा वाचणाऱ्या मशीनला चाल बिघडताना दिसली, की तिच्या पडद्यावर एक क्रमांक आणि एक आलेख यायचा. नाव नाही. नाव उघडायचं ते मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात, तेही एवढ्याचसाठी, की या नावाने खिडकीवर काही आलंय का ते पाहता यावं. आलं नसेल तर मुदत टळल्यावर बटण दाबायचं. तिला या कामाचं वाईट वाटायचं का? सुरुवातीला वाटलं. उपायुक्त परचुरे मृदू बोलणारे गृहस्थ, त्यांनी तिला बसवून समजावलं होतं, "बोंद्रे, आपण कुणाला इजा करत नाही. आपण फक्त बोलत नाही." मग ती नाव न वाचता बटण दाबायला शिकली. माणूस काय, कशालाही सरावतो.

त्या उन्हाळ्यात एक आलेख महिनाभर तिच्या पडद्यावर होता. गाडीतळ पुलाचा उतार, लादी खचलेली, पडून डोक्याला मार, आणि त्यानंतर उजव्या पायाची रेघ दर दिवशी थोडी थोडी सपाट होत गेलेली. इतका स्वच्छ आलेख, की परचुऱ्यांनी तो आयुक्तांपुढच्या सादरीकरणात घेतला. शलाकानेच त्याला रंग भरून दिले होते.

सोमवारी सकाळी त्या क्रमांकाचं नाव उघडलं. सवयीप्रमाणे ती न वाचता पुढे जाणार होती, पण आपलं आडनाव डोळ्यांना आपोआप दिसतं.

दिगंबर शंकर बोंद्रे. वय बहात्तर.

अण्णा. तिचे वडील.

ती उठली, पाण्याच्या पिंपाजवळ गेली, पेला भरला आणि न पिता तसाच ठेवला. रोज सकाळी अण्णा पट्टी बांधून फिरायला जात होते, रोज संध्याकाळी तिच्या पुढ्यात बसून जेवत होते, आणि ती इथे बसून त्यांच्या मरणाला रंग भरत होती! आणि अण्णांनी एका शब्दाने सांगितलं नाही? पडले, डोकं आपटलं, आणि बोलले नाहीत? तिला आधी भयंकर राग आला, आणि मग रडू फुटलं. शेजारच्या टेबलावरच्या किणीने "काय झालं?" म्हणून विचारलं, तेव्हा ती पित्ताचं निमित्त सांगून सुट्टी टाकून निघाली.

चालीची माहिती बाहेर फोडली तर नोकरी जायची, वर खटला. हे तिला पाठ होतं. रिक्षात बसल्यावर ते तिला एकदाच आठवलं आणि मग नाही.

अण्णा ओट्यापाशी स्टुलावर बसून लसूण सोलत होते. एसटीत जन्म गेला कंडक्टरकीत, आई गेल्यापासून स्वयंपाकघर त्यांचं. लेक भरदुपारी दारात बघून ते दचकले.

"आज लवकर गं?"

"अण्णा, तुम्ही पुलाच्या उतारावर पडला होतात?"

लसणाची पाकळी बोटांतच राहिली. "कोण म्हणालं?"

"कोण का म्हणेना! पडला होतात की नाही?"

अण्णांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. शलाकाला वाटलं, म्हातारा माणूस, लेकीपासून लपवलं म्हणून ओशाळला. त्यांनी तिच्याकडे न बघता सालं गोळा केली आणि म्हणाले, "हो... म्हणजे पडलो होतो जरासा. लादी खचलेली होती तिथली."

"डोकं आपटलं?"

"कठड्यावर. हे इथं," त्यांनी डाव्या कानाच्या वर बोट ठेवलं. "टेंगूळ आलं होतं. गेलं ते. एवढं काय त्यात?"

"उठा. चालून दाखवा मला."

"अगं पण..."

"अण्णा, चाला!"

ते उठले आणि दारापर्यंत चालत गेले. गुडघे धरलेले, उजवा पाय किंचित मागे राहत होता. शलाकाने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. आपल्या बापाचा पाय ओढला जातोय हे आपल्याला घरात राहून कळलं नाही आणि लादीला कळलं, या विचाराने तिला स्वतःची लाज वाटली. काय झालंय हे मात्र तिने त्यांना सांगितलं नाही. डोक्यात रक्त साठलंय म्हटलं तर भीतीनेच ते हाय खातील असं तिला वाटलं. एवढंच म्हणाली, "उद्या दवाखान्यात जायचं. आणि त्याआधी खिडकीवर सूचना द्यायची."

"सूचना कशाला? नको नको. राहू दे ते."

"मुदत संपतेय, अण्णा."

"संपू दे की! आपल्याला कुठं भरपाई हवीय? उगाच लचांड मागे लागेल." एवढं आर्जव करताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण ती मुळात कुणाचं ऐकणारी नव्हती, आणि त्या दिवशी तर नाहीच. अण्णा रात्रभर कूस बदलत राहिले. तिला वाटलं, डोकं दुखत असेल.

मंगळवारी दावा खिडकी उघडताच तिने त्यांना उभं केलं. अण्णांनी सही केली तेव्हा हात असा थरथरत होता, की खिडकीवरच्या माणसाने खुर्ची आणून दिली. शलाकाने मनात म्हटलं, झालं, लक्षणं हातापर्यंत आली. तिथून ती त्यांना घेऊन तडक इस्पितळात गेली. डोक्याची चित्रं काढली. तासाभराने एक तरुण डॉक्टर हसतच बाहेर आला.

"आजोबांचं डोकं एकदम ठणठणीत. रक्त नाही, सूज नाही, काही नाही."

"पुन्हा बघा."

"दोनदा पाहिलं, ताई."

"अहो, असं कसं होईल? उजवा पाय ओढतात ते."

"गुडघे झिजलेत त्यांचे. तो पाय ओढला जातो तो त्यामुळे. ते वेगळं. डोक्याला आतून-बाहेरून काही लागल्याची खूण नाही." दाखला लिहून त्याने तो तिथल्या तिथे पालिकेकडे धाडला. तशीच पद्धत होती. सूचना असली, की दाखला परस्पर जायचा.

शलाका भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं. मशीन चुकलं! तीन वर्षं ज्याच्यापुढे सगळा कक्ष मान तुकवून बसला होता, ते मशीन साफ चुकलं होतं. अण्णा बाजूच्या बाकावर मांडीवर हात ठेवून गप्प बसले होते. ते हसले नाहीत, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

दुपारी परचुऱ्यांचा निरोप आला. त्यांनी आवाज चढवला नाही. निलंबनाचा आदेश तयारच होता, तो त्यांनी तिच्यापुढे सरकवला आणि चहा मागवला.

"तुमचे वडील ठीक आहेत, याचा मला खरंच आनंद आहे."

"मग मशीन चुकलं हे तरी मान्य करा!" शलाका म्हणाली. "चाल बिघडली म्हणून तुम्ही तो आलेख आयुक्तांना दाखवलात, आणि माणूस धडधाकट आहे. किती जणांच्या बाबतीत चुकलं असेल देव जाणे."

परचुऱ्यांनी चहाचा कप तिच्यासमोर ठेवला. "बोंद्रे, मशीन चुकणारच नाही असं मी म्हणत नाही. पण बंद केलेल्या प्रत्येक फाईलचं पुढे काय झालं, ते आम्ही बघतो. आजवर एकही चुकलेलं नाही."

तिने तो कप तसाच ठेवला आणि निघाली. जिना उतरताना तिला पहिल्यांदा कसंतरी झालं. ही माणसं पुढे काय झालं ते बघतात, म्हणजे मोजतात, आणि तरीही बोलत नाहीत, हे तिला ठाऊक नव्हतं. की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं? पण त्या घटकेला अण्णा बरे होते, आणि तिने डोक्यातून ते काढून टाकलं. वाटेत पाव किलो जिलेबी घेतली.

घरी अण्णा दिवा न लावता बसले होते. तिने जिलेबी ताटलीत काढली, समोर ठेवली, आणि निलंबन झाल्याचं सांगून टाकलं. आता लपवायचं काय राहिलं होतं? लाद्या काय बघतात, मशीन कुणाकुणाला हेरतं, आपण बटण कसलं दाबतो, सगळं सांगितलं.

"तुमची रेघ सपाट होत चाललीय म्हणे. उजवा पाय ओढला जातोय, डोक्यात रक्त साठतंय, म्हणे. थापा नुसत्या! घ्या, जिलेबी घ्या."

"उजवा पाय?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"आणि जो पडला त्याच्या डोक्यात रक्त साठतंय."

"असं मशीन म्हणतं. पण तुम्ही तर..."

"शलाका," अण्णा उठून उभे राहिले, "तो मी नव्हतो गं."

तिला आधी काहीच कळेना. अण्णा भडाभडा बोलायला लागले. गुडघे गेल्यापासून त्यांना चालवतच नव्हतं. चालायचा तो गफूर मुलाणी. अण्णा कंडक्टर आणि मुलाणी ड्रायव्हर, दोघांनी एकाच गाडीवर उभं आयुष्य काढलेलं. मुलाण्यांना सकाळी चालल्याशिवाय चैन पडायचं नाही, पण घर हद्दीबाहेर खडकवस्तीत, म्हणून पालिकेने त्यांना पट्टी दिली नव्हती. मग योजना सुरू झाली त्या पहिल्या दिवसापासून अण्णांची पट्टी मुलाण्यांच्या घोट्याला. अण्णा बागेतल्या बाकावर बसायचे, मुलाणी दोघांच्या वाटचं चालून यायचे, मग दोघं चहा प्यायचे. बागेतले निम्मे म्हातारे असंच करत होते. ज्याचे पाय चालतात त्याने दुसऱ्याची पावलं भरायची. त्यात लबाडी आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

"पडला तो गफूर. मला म्हणाला, जरासं टेंगूळ आलंय, बोलू नकोस कुठं, पट्टीचं बाहेर येईल."

"मग काल मला खोटं का सांगितलंत?" शलाका ओरडलीच. "मी विचारलं ना तुम्हाला!"

"मला वाटलं, तू पट्टीचं पकडलंस! गेल्या साली आळतेकर आजींनी सुनेच्या पायात पट्टी बांधली, तर तू स्वतः तक्रार नेऊन दिलीस. त्यांची सवलत गेली, वर दंड. म्हटलं, पडलो ते मीच म्हणावं, म्हणजे चाललो तो मीच असं होईल." अण्णा चपला चाचपत होते. "आठ दिवस झाले, पाय ओढतोय तो. मी त्याला चिडवत होतो गं. म्हटलं, गफूर, गाडी पासिंगला न्यायला झाली तुझी."

शलाका फोन लावत होती. कुणी उचलत नव्हतं. जिलेबीची ताटली तशीच टाकून दोघं रिक्षाने खडकवस्तीला गेले. दार जुबेदाकाकूंनी उघडलं.

"या की! बोंद्रेभावजी, आज हे गेलेच नाहीत बागेत. झोपलेत बघा. कालपासून नुसते झोपतायत. म्हटलं, ऊन बाधलं असेल, झोपू दे."

मुलाणी कुशीवर झोपले होते. अण्णांनी हाक मारली, खांदा हलवला, गालावर चापट मारली. मुलाण्यांनी एक डोळा अर्धा उघडला आणि परत मिटला. उजव्या घोट्याला रबरी पट्टी तशीच होती.

रात्री कवटीला भोक पाडलं. रक्त निघालं, पण जुन्या रक्ताखाली नव्याने मोठा स्राव झालेला होता. मुलाणी जगले. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. शल्यविशारद बाई थकलेल्या होत्या, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "शनिवारी आणलं असतं तर चालत घरी गेले असते. कालही आणलं असतं, तरी बोलले असते." शलाकाने काल काय केलं ते सगळं आठवून पाहिलं. काल दुपारपासून ती अण्णांच्याच मागे होती.

मुदतीचा अजून एक दिवस शिल्लक होता. पुढची सगळी हयात माणसाला अंथरुणावर काढायची, औषधं, सेवा, म्हातारी बायको एकटी. निदान तेवढं तरी मिळावं म्हणून अण्णा आणि शलाका दुसऱ्या दिवशी खिडकीवर गेले. खिडकीवरच्या माणसाने पडद्यावर पाहिलं आणि मान हलवली.

"त्या पडण्याची सूचना आलेली आहे. बोंद्रे यांच्या नावाने. इजा आढळली नाही, म्हणून निकाली निघाली. एका पडण्याला एकच सूचना घेता येते."

"पण पडला तो मी नव्हतोच!" अण्णा म्हणाले. "गफूर मुलाणी पडला."

"या नावाचे कुणी त्या दिवशी त्या लादीवर नव्हते."

"अहो, मी सांगतोय ना! माझी पट्टी त्याच्या पायात होती."

"मग तसा जबाब द्या. चौकशी होईल, चार-सहा महिने लागतील. पण मुलाण्यांची सूचना मुलाण्यांनीच द्यायला हवी, आणि ती आजच. ते येऊ शकतील का?"

ही उत्तरं शलाकाने स्वतः कित्येकांना दिली होती, शब्दन् शब्द हीच. आपणच काल घाईघाईने बापाची सूचना आत सरकवली नसती, तर या खिडकीची फट अजून उघडी राहिली असती, हे तिला उभ्या उभ्या कळत होतं. अण्णांनी जबाब लिहून दिला. आपण फसवणूक केली, सवलत खोटी घेतली, लेकीला खोटं सांगितलं. प्रत्येक ओळीखाली सही केली. खिडकीवरच्या माणसाने तो घेतला आणि सांगितलं, की यावरून तुम्हा दोघांवर खोट्या सूचनेचा गुन्हा दाखल होईल, मुलाण्यांच्या दाव्याला मात्र याचा उपयोग नाही. त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता. अण्णांना उठायला त्याने हातसुद्धा दिला.

इस्पितळात जुबेदाकाकू मुलाण्यांच्या उशाशी बसून त्यांना चमच्याने पेज भरवत होत्या. निम्मी पेज ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर येत होती. अण्णा पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. मुलाण्यांची नजर त्यांच्यावर स्थिरावली, ओठ हलले, आवाज नुसता घरघरला. अण्णांनी तोंड फिरवलं.

शलाकाने काकूंना खिडकीवरचं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. चमचा वाटीत ठेवून त्यांनी विचारलं, "तुला कसं कळलं गं, यांच्या डोक्यात रक्त झालंय ते? आम्हाला घरात बसून कळलं नाही."

"आमच्याकडे दिसतं, काकू. लाद्यांमधून."

"कधीपासून दिसत होतं?"

अण्णा मध्येच म्हणाले, "वहिनी, आता ते..."

"तिला बोलू द्या, भावजी."

"महिना झाला," शलाका म्हणाली. "पण नाव नव्हतं दिसत. नुसता आलेख. नाव सोमवारी आलं."

"तुझ्या अण्णांचं."

"हो."

"म्हणून धावलीस." काकू समजल्यासारखी मान हलवत होत्या. त्यात टोमणा नव्हता, त्या आपल्या मनाशी नीट लावून घेत होत्या. "महिनाभर कुणाचं तरी डोकं रक्ताने भरतंय हे दिसत होतं, पण ते कुणाचं तरी होतं. बरोबर आहे. कुणाकुणासाठी धावणार माणूस." मग त्यांनी मान वर केली. "आणि सोमवारी तिथं यांचं नाव असतं, गफूर मुलाणी, तर आली असतीस?"

"आले असते" हे दोन शब्द शलाकाच्या अगदी जिभेवर होते. याच माणसाने तिला सायकल शिकवली होती, दर ईदला तिच्यासाठी शिरखुर्म्याचा वेगळा डबा यायचा. आली असती का ती? सोमवारी बहुधा तिने कपाळाला हात लावला असता. संध्याकाळपर्यंत जीव खाल्ला असता. नोकरी, खटला, अण्णांचं औषधपाणी, सगळं आठवलं असतं. अण्णांच्या वेळी हे सगळं रिक्षात एकदाच आठवलं होतं. कुणाकडून तरी काकूंच्या कानावर घालू, उद्या घालू, परवा घालू, असं म्हणता म्हणता आठवडा गेला असता, आणि मग तिने नाव न वाचता बटण दाबलं असतं. इतक्या वर्षांत ती दुसरं काय शिकली होती?

"नसते आले, काकू," ती म्हणाली. "बहुतेक नसते आले."

वॉर्डात कुणाच्या तरी पलंगाची चाकं कुरकुरत गेली. जुबेदाकाकूंनी पदराने मुलाण्यांचा ओठ पुसला, सांडलेली पेज टिपली, आणि चमचा पुन्हा हातात घेतला. शलाकाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"खोटं तरी बोलायचं होतंस गं," त्या म्हणाल्या.